काचेच्या नळीतला ढग

साल एकोणीसशे चौपन्न, आणि मी तेव्हा वीस वर्षांचा. जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. मायला विचारलं की ती म्हणायची, "तलाव फुटला त्या साली तू रांगत होता." तेवढ्यावरून मी माझं वय पक्कं केलेलं आहे आणि ते आता कोणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही. जिल्हा तेव्हा चांदा होता. आरमोरी आमचं बाजाराचं गाव, आणि आम्ही ढिवर. तलावात मासोळ्या धरायच्या, तलावाखालच्या बांधीत धान लावायचा, हे आमचं जगणं. माझं शिक्षण तिसरी. पण अक्षर चांगलं आहे आणि आठवण त्याहून चांगली आहे, म्हणून लिहायला बसलो.

आज सकाळी अंगणात बाजेवर बसलो होतो तर वाऱ्यावर हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचा वास आला. ज्यांना हा वास माहीत नाही त्यांना कसा सांगावा? दूध आटवताना पातेल्याच्या काठाला जे लागून राहतं त्याचा थोडा, आणि सुकत आलेल्या चिखलाचा थोडा. अश्विन लागला की हा वास येतो. ऐंशी पार केली तरी या वासानं माझ्या पोटात भूक उठते. जेवण झालेलं असलं तरी उठते. कारण ही भूक आजची नाहीच.

तेव्हाचा भादवा म्हणजे धान साठवायची ढोली रिकामी. कोचईची म्हणजे अळूची पानं, बांबूचे कोवळे वास्ते, बांधीतले खेकडे, यावर दिवस काढायचे. गालफडं बसायची, डोळे खोल जायचे. मग हलका धान यायचा. पहिल्या धानाचा भात देवाला दाखवायचा, आणि मग पोटभर खायचं. आणि काय जादू होती कोण जाणे, आठ-पंधरा दिवसांत साऱ्या गावाचे चेहरे भरून यायचे. विहिरीवर बायका एकमेकींच्या लेकरांकडे पाहून म्हणायच्या, "नवं अंगी लागलं गे तुह्या पोट्ट्याले." कोणाचा चेहरा किती भरला यावर घराची इज्जत ठरायची. हे आता राहिलं नाही. भादव्यात आता कोणी उपाशी नसतं, म्हणून अश्विनात कोणी भरतही नाही. चांगलंच झालं. पण चेहरा पाहून साल ओळखायची आमची नजर त्यासोबत गेली, हेही खरं. आणि तशीही ती नजर चुकायचीच. त्या साली चुकली.

माझी धाकटी बहीण सगुणा. दहाएक वर्षांची, बोलायला सुरी. बाप नव्हता, म्हणून घरात मी मोठा, आणि मला मोठा मानायला ती कधीच तयार नव्हती. त्या पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात तिच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली. गावात सगळ्यांनाच होती, त्यात काही नवल नव्हतं. पण तिची पिकली. हातावर, गुडघ्यावर पू भरलेले फोड. मायनं करंजीचं तेल लावलं, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं. भादवा सरता सरता फोड सुकले, खपल्या पडल्या. आम्ही विसरलो.

मग नवं खाल्लं. आणि दोन-चार दिवसांनी सकाळी सगुणा उठली तर तिचा चेहरा असा भरलेला, की माय नुसती पाहत राहिली. तिनं लगेच काजळाचं बोट लावलं पोरीच्या गालाला. विहिरीवर घेऊन गेली, खास दाखवायला.

"पाह्य गे, माही पोट्टी कशी भरली."

शेजारची काकू म्हणाली, "एवढी? काय ढोलीतच झोपते का काय?"

माय दिवसभर खूश होती. मीही होतो. आमच्या घरचा चेहरा गावात सगळ्यात भरलेला, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

पण मला एक सवय होती आणि ती सवय तलावानं लावली होती. आमचा तलाव माझ्या लहानपणी एकदा फुटला होता, म्हणून पावसाळाभर प्रत्येक घरानं पाळीची राखण करायची अशी गावाची रीत. आमच्या घरचा मी. पाळ म्हणजे मातीचा लांब बांध. एका बाजूला सारं पाणी, दुसऱ्या बाजूला आमची शेतं आणि घरं. पाळीवर चालताना पायाखाली माती कशी दबते ते पाहायचं. पाय उचलला की कोरड्या मातीत ठसा राहत नाही. आतून ओली झालेली माती मात्र ठसा धरून ठेवते.

सगुणा सकाळी फुगलेली दिसायची, संध्याकाळपर्यंत उतरायची. हे मला खटकलं. भाताची सूज काय रोज सकाळी येते आणि संध्याकाळी जाते? एके दिवशी तिच्या पायातल्या वाळ्याखाली मी अंगठा दाबून पाहिला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"दुखते ना भाऊ."

"दुखते का?"

"नाई. पण दाबतं काऊन?"

मी विचारलं, दुसरं काही होतं का. ती थोडी लाजली. मग म्हणाली, "लघवी कशी तरी होते. मासोळ्या धुतल्यावर पाणी राह्यते ना, तशी."

आम्ही ढिवर. मासोळ्या धुतलेलं पाणी कसं असतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच दुपारी बंडी जुंपली.

आरमोरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, पाय पाहिले, हाताच्या सुकलेल्या खपल्या मात्र फार वेळ पाहिल्या. पेनिसिलीनची सुई दिली आणि म्हणाले, लघवी आणा. मला राग आला. आजार चेहऱ्यावर, औषध दंडात, आणि तपासायचं काय तर मूत. मी तसं बोललोही. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बापूजी, याला दाखवा," म्हणून दुसऱ्या रोग्याकडे वळले.

बापूजी म्हणजे कंपाउंडर. काळी टोपी, पांढऱ्या मिशा, आणि आवाज कायम बसलेला. त्यांनी काचेच्या एका नळीत लघवी घेतली, लाकडी चिमट्यात नळी धरली, आणि स्पिरिटच्या दिव्यावर नुसता वरचा भाग तापवला. मी बाजूला उभा. खालचं पाणी तसंच राहिलं. वर मात्र एक पांढरा ढग उठला. दाट, अंड्याचा पांढरा बलक शिजतो तसा. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. बापूजींनी एका शिशीतून आंबट वासाच्या दवेचे थेंब टाकले. ढग गेला नाही.

"हे काय निघालं जी?" मी विचारलं.

"अल्बुमिन."

"म्हणजे रोग?"

"रोगाची खूण."

"मंग निघू द्या ना. जेवढा रोग निघन तेवढी बरी होईन."

बापूजींनी नळी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. "रोग नाई निघून राह्यला गा," ते म्हणाले. "पोट्टीच निघून राह्यली."

त्यांचं हे बोलणं मी अजून विसरलो नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. पाठीत दोन मूत्रपिंडं असतात, ती रक्त गाळतात. चांगली गाळणी खराब तेवढं सोडते आणि सत्त्व राखते. गाळणीलाच मार बसला तर सत्त्व गळायला लागतं, कधी रक्तही गळतं. उष्णतेनं ते सत्त्व शिजतं, म्हणून ढग. आंबट थेंबानं जो ढग विरघळतो तो खोटा, जो राहतो तो खरा.

"आणि मार कोणं देला?"

"खरजेच्या पुवातल्या जंतूनं."

"खरूज हातावर, मार पाठीत?"

"हाव."

"कसा गेला?"

बापूजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे मले माहीत नाई," ते म्हणाले. "डॉक्टरलेही पुरतं माहीत असन असं वाटत नाई. विचारून पाह्य, पण आज नोको."

मला तो माणूस तिथेच आवडला. पण माझा हट्ट गेला नव्हता. मी म्हटलं, असा ढग सगळ्यांच्याच मुतात असेल, तुम्ही कधी चांगल्या माणसाची पाहता का? माही पाहा. ते म्हणाले आण. मी आणली. त्यांनी तापवली. नळी स्वच्छ राहिली, वरपासून खालपर्यंत. माझी छाती फुगली, जशी काही मी कुस्ती मारली.

"पह्यलवान आहेस," बापूजी म्हणाले. "आता इनाम घे. हिची रोज पाहायची."

दवाखान्यात ठेवायला जागा नव्हती, आणि रोज बंडीत हिंदकळणं तिच्यासाठी बरं नव्हतं. म्हणून काठाला टवका उडालेली एक नळी आणि थेंबांची शिशी त्यांनी मला दिली. पथ्य सांगितलं. मीठ अजिबात नाही. मासोळी नाही. पाणी मोजकं. निजून राहायचं. आठवड्याला बंडीनं आणून दाखवायची, आणि लघवी अगदी थोडी झाली किंवा दम लागला तर वाट न पाहता आणायची. "आणि ढग गेला की?" मी विचारलं. "खराच गेला तर चिमूटभर मीठ दे," ते म्हणाले, "आणि मले येऊन सांग."

घरी येताना बंडीत मी पाळीचाच विचार करत होतो. प्रत्येक पाळ पाझरते. पाझराला आम्ही भीत नव्हतो. पाळीच्या खालच्या अंगाला पाणी झिरपताना दिसलं की बसायचं, ओंजळीत घ्यायचं आणि पाहायचं. स्वच्छ असेल तर ते तलावाचं पाणी आहे, खुशाल येऊ द्यावं. पण गढूळ असेल तर ती पाळीची स्वतःची माती आहे. पाळ आतून चालली आहे. वरून ती तशीच दिसते, गवत हिरवं, बैल चरतात, पण ती चाललेली असते. तेव्हा घमेली घेऊन धावायचं. बापूजींनी नळीत मला तेच दाखवलं होतं, असं मला वाटलं. वाटलं म्हणतो, कारण यात माझी थोडी चूकही होती. ती कळायला साठ वर्षं गेली.

माय चुलीजवळ नळी येऊ देईना. ज्या चुलीवर देवाचा भात शिजतो तिथे मूत शिजवणार का? तिचं बरोबर होतं. मी पाळीवर तीन दगड मांडले, मोहाच्या लाकडाचे निखारे केले, कारण रॉकेलच्या चिमणीनं नळी काळी व्हायची. बांबूच्या चिपेत नळी धरायची आणि दिवस कलताना, तलावाच्या पाण्यावर उजेड असतो तेव्हा, ती उजेडाआड उचलून पाहायची. पाठीमागून बायका कपडे धुवून जायच्या.

"काय वैदबुवा, काढा झाला का?"

"झाला. देऊ का वाटीभर?"

गावात माझं नाव झालं. मला नाव झालेलं चालायचं, कसंही.

खरं सांगायचं तर मला त्या नळीचं वेड लागलं. तोच रंग, तोच वास, पण आज ढग जाड, उद्या पातळ, परवा पुन्हा जाड. सकाळच्या लघवीत वेगळा, दुपारच्या वेगळा. ती रांगत अंगणापर्यंत जरी गेली तरी संध्याकाळी ढग वाढलेला वाटायचा. एवढ्याशा पोरीच्या आत काय चाललं आहे ते दिसायला तिला चिरावं लागत नाही, तिनं टाकून दिलेल्यात ते दिसतं, ही गोष्ट मला जेवताना सुचायची, जाळं विणताना सुचायची. सगुणा बाजेवर पडून सगळं पाहायची. अळणी पेज तोंडात फिरवत राहायची. गावात मासोळीचं कालवण शिजत असे आणि त्याचा वास आमच्या घरात येई.

"भाऊ," ती एकदा म्हणाली, "तू माह्या मुताकडं पाह्यतं, माह्याकडं नाई पाह्यत."

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन फटी होत्या. ओठ सुकले होते. ती हसत होती.

मधले दिवस वाईट गेले. लघवी कमी झाली, ओकाऱ्या झाल्या, भिंतीला टेकल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. पुन्हा बंडी जुंपली, डॉक्टरांनी सुया दिल्या, पाणी आणखी तोडलं, रात्रभर ओट्यावर ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी बापूजींच्या दिव्यावर नळीतला ढग खाली बसला तर निम्मी नळी भरली. माय म्हणाली, "तुह्या नळीनं पोट्टी बरी होत नाई." तिचं हेही बरोबर होतं. नळी बरं करत नाही. ती फक्त सांगते. पण मला वाटतं, ज्याला सांगितलेलं ऐकायची हिंमत आहे त्यालाच वेळेवर बंडी जुंपता येते. आम्ही दुसऱ्या वेळी चेहऱ्यावर विसंबून राहिलो नाही, एवढं त्या नळीनं केलं.

परवा नातवंडं दिवाळीसाठी आली. त्यातली पल्लवी नागपुरात मोठ्या दवाखान्याच्या तपासणीघरात नोकरीला आहे. आली तशी माझ्यापुढे प्लॅस्टिकची डबी धरली.

"आबाजी, सकाळची लघवी ह्यात द्या. उद्या इथल्या दवाखान्यात नेतो."

"माही तपासली आहे."

"कधी?"

"चौपन्न साली. स्वच्छ निघाली."

ती हसून बाजेवर बसली. मग मी तिला विचारायला लागलो, आता काय पाहता, कसं पाहता. ती म्हणाली, अल्बुमिन पाहतोच, पण त्याच्याही आधीची एक खूण असते. मूत्रपिंडाच्या पेशींच्या पोटात काम करणारे रस असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. पेशी दुखावली की ते बाहेर सांडतात आणि लघवीत येतात. डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात दुसरं एक द्रव्य घातलं की रंग चढतो, आणि किती चढला ते यंत्र मोजतं.

"अंगावर सूज यायच्या आधी?"

"कधी कधी, हाव."

"म्हणजे पाळीची माती," मी म्हटलं. आणि तिला पाळीची सगळी गोष्ट सांगितली.

तिनं डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "आबाजी, तुमची अल्बुमिन म्हणजे माती नव्हती. ती तलावातली मासोळी. जाळी फाटली म्हणून रक्तातून निसटली. एन्झाइम मात्र माती खरी. ते मूत्रपिंडाचं स्वतःचं."

साठ वर्षं मी ज्याला माती म्हणत होतो ती मासोळी निघाली, आणि तेही ढिवराला दुसऱ्यानं सांगावं लागलं. मग मला त्यातच मजा वाटायला लागली. मी विचारलं, जंतू खाली मूत्राशयात आहेत की वर मूत्रपिंडात चढले, हे ती माती सांगते का? ती म्हणाली, लोकांनी तपासून पाहिलं आहे, वर चढले तर पुष्कळदा वाढते, पण एकट्या तिच्यावर कोणी डोळे झाकून भरवसा ठेवत नाही. आणि खरजेचा मार पाठीत कसा जातो? त्याचं तिला सांगता आलं. जंतू तिथे स्वतः जातातच असं नाही. जंतूशी लढायला शरीर जे तयार करतं त्याचाच गाळ गाळणीत अडकतो आणि गाळणी सुजते. म्हणजे राखणदाराच्याच घमेल्यांनी पाळ दबली. बापूजी असते तर टोपी काढून डोकं खाजवलं असतं. त्यांना सांगायला मला फार आवडलं असतं.

पल्लवी बोलताना हात नाचवते, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर देते. मी तिच्याकडे पाहत होतो. ही सगुणाच्या मुलाची मुलगी. सगुणा नातवंडांत रमून, म्हातारी होऊन, आपल्या घरातच वारली. तिच्या मूत्रपिंडांनी शेवटपर्यंत काही तक्रार केली नाही. तक्रार करायला ती स्वतः पुरेशी होती.

पण त्या अश्विनात हे काहीच ठरलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा दवाखान्यातून आणल्यावर हळूहळू लघवी सुटली, आधी थोडी, मग भांडंभर. चेहरा उतरला. गालफडं पुन्हा दिसू लागली, आणि आमच्या घरात पोरीची गालफडं बसलेली पाहून माय पहिल्यांदा रडली, आनंदानं. ढग पातळ झाला. धुक्यासारखा झाला. दिवाळी होऊन गेली, उशिरा येणारा भारी धान पिवळा पडत आला, आणि एका संध्याकाळी मी पाळीवर नळी धरली तर पुन्हा ढग. चांगला पांढरा. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. शिशीत दवा तळाला होती. ती उलटी करून झटकली, थेंब पडले. आणि ढग गेला. दिवस मावळताना तलावावरचं धुकं उडतं तसा, वरून खाली, सगळा. खोटा ढग होता. नळीच्या आरपार मला तलाव दिसला, पलीकडचं पळसाचं झाड दिसलं.

मी घरी गेलो आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं आणि खोटं ठरलं तर, अशी भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय शेणसडा घालत होती तोवर मी चुलीपाशी बसलो, सगुणाची पेज वाटीत काढली, आणि खड्याचं मीठ वरवंट्यानं फोडून त्यातलं चिमूटभर पेजेत टाकून ढवळलं. तिच्या हातात वाटी दिली. तिनं एक घोट घेतला, थांबली, माझ्याकडे पाहिलं, मग सारी वाटी एका दमात पिऊन टाकली आणि तोंड पुसत म्हणाली, "खारट झाली."